तबकडीवरील पत्ता

जुन्या सावकारी पेढ्यांवरील हुंड्या ज्यांच्या पाहण्यांत आल्या असतील, त्यांच्या हें लक्षांत असेल कीं, हुंडींत रकमेचा उल्लेख एकदां करून लिहिणारा थांबत नसे. आंकड्यांत शंभर लिहावयाचे, मग तेच अक्षरीं लिहावयाचे, आणि तेवढ्यानेंही समाधान न मानतां 'निमे पन्नास, त्यांचे दुप्पट पुरे शंभर' असें पुन्हां बजावावयाचें, अशी वहिवाट होती. काव्यांत जिला दोष म्हणतात ती पुनरुक्ति व्यवहारांत गुण ठरते, ती अशी. आंकड्यावर शाईचा थेंब पडला किंवा कोणीं एखादें शून्य वाढविलें, तर अक्षर आणि निमपट हे दोन साक्षीदार तत्काळ त्या आंकड्याविरुद्ध उभे राहतात.

लिहिणाऱ्याचा हात चुकेल, वाचणाऱ्याचा डोळा चुकेल, हें गृहीत धरूनच भाषा रचावयाची, ही या वहिवाटीमागील दृष्टि होय. हीच दृष्टि विसाव्या शतकांत एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत, म्हणजे संगणकाच्या चुंबकीय तबकडीवर, कशी अवतरली, तिच्यापुढें कोणती अडचण उभी राहिली, आणि त्या अडचणींतून वाट कशी निघाली, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. तबकडीवर सांठविलेल्या मजकुराच्या शुद्धतेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो मजकुराचा नव्हे, मजकुराच्या पत्त्याचा.

विक्रीस आलेली अशी पहिली तबकडी १९५६ सालची. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील सॅन होजे या गांवीं आय. बी. एम. कंपनीनें १९५२ सालीं एक प्रयोगशाळा काढली व तिचें आधिपत्य रेनॉल्ड जॉन्सन यांजकडे दिलें. हे गृहस्थ पूर्वीचे शाळामास्तर. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका यंत्रानें तपासण्याची युक्ति काढून ते या धंद्यांत शिरले होते. त्यांच्या मंडळींनीं सिद्ध केलेल्या 'रॅमॅक' यंत्रांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर बसविलेल्या असून त्या मिनिटास १,२०० फेरे घेत. प्रत्येक तबकडीवर एकांत एक अशीं १०० वर्तुळें, दोन्ही बाजू मिळून प्रत्येक वर्तुळाचे १० भाग, आणि प्रत्येक भागांत १०० अक्षरें. म्हणजे एकंदर ५०,००० घरें व ५० लाख अक्षरें, असा तो हिशेब होता. या वर्तुळास ट्रॅक व त्याच्या भागास सेक्टर हीं नांवें पुढें रूढ झालीं, व आम्हीही तींच वापरूं. कोणत्याही घराचा पत्ता पांच आंकड्यांत मावे: दोन आंकडे तबकडीचे, दोन ट्रॅकचे व एक सेक्टरचा.

रॅमॅकमध्यें हा पत्ता बहुतांशीं यांत्रिक होता. एकच बाहु वरखालीं सरकून हव्या त्या तबकडीशीं थांबे, मग आंत शिरून खिटी बसावी तसा हव्या त्या ट्रॅकवर अडके. परंतु ट्रॅक जसजसे अरुंद होत गेले, तसतसा खिटीचा भरंवसा उरला नाहीं. वाचन-लेखन करणारें जें टोंक, ज्यास हेड म्हणतात, तें नक्की कोठें पोंचलें आहे, हें तबकडीनेंच त्यास सांगितलें पाहिजे, अशी गरज उत्पन्न झाली. घरांच्या दारांवर पाट्या लावाव्या त्याप्रमाणें प्रत्येक नोंदीच्या आधीं तिचा पत्ता चुंबकीय खुणांनीं लिहून ठेवण्याची पद्धति पडली. १९६४ सालच्या सिस्टिम-३६० या संगणकाबरोबर ज्या तबकड्या आल्या, त्यांत प्रत्येक नोंदीपूर्वीं ट्रॅकचा, पृष्ठाचा व नोंदीचा क्रमांक असे. म्हणजे पत्ता हीही आतां एक लिहिलेली गोष्ट झाली; आणि जें लिहिलें जातें, तें चुकीचें वाचलेंही जातें.

मजकूर चुकीचा वाचला गेला काय आणि पत्ता चुकीचा वाचला गेला काय, चूक ती चूकच, असें कोणास वाटेल. पण दोहोंत फार अंतर आहे. समजा, एखाद्या पेढीवर गोविंदरावांच्या खात्याची नवी शिल्लक लिहावयाची आहे, आणि पत्ता वाचण्यांत चूक होऊन ती शेजारच्या सीताबाईंच्या खात्यावर लिहिली गेली. सीताबाईंची नोंद गेली. ती कायमचीच गेली. गोविंदरावांच्या जागीं त्यांची जुनी शिल्लक तशीच राहिली. आणि यांतील अनर्थ असा कीं, या दोन्ही नोंदी स्वतःपुरत्या निर्दोष आहेत. एकही अक्षर पुसट नाहीं, एकही आंकडा डागाळलेला नाहीं. तपासणाऱ्यास संशय यावा असें तेथें कांहींच नाहीं. मजकुराची चूक ओरडून सांगते. पत्त्याची चूक मुकी असते.

उलटपक्षीं, बरोबर पत्ता चुकीचा समजून नाकारला गेला, तर काय होतें? १९७३ सालीं निघालेली आय. बी. एम.ची आठ इंची फ्लॉपी मिनिटास ३६० फेरे घेत असे. तेव्हां नाकारलेला सेक्टर पुन्हां हेडखालीं येण्यास एक षष्ठांश सेकंद लागे. एवढेंच काय तें नुकसान. भलताच पत्ता स्वीकारणें हा अनर्थ, व योग्य पत्ता नाकारणें हा केवळ विलंब. ही विषमता एकदां ध्यानांत धरली म्हणजे पुढील सर्व इतिहास उलगडतो.

आतां चूक होते ती कशी? तिचे दोन प्रकार आहेत, व त्यांचे वैद्य निरनिराळे होते.

पहिला प्रकार सीमेवरील चुकीचा. हेड एका ट्रॅकवरून दुसऱ्याकडे धांवत असतां मधल्या सीमेवर येतें, तेव्हां त्यास अर्धी खूण या ट्रॅकची व अर्धी त्या ट्रॅकची ऐकूं येते. मोटारीच्या अंतरमापकांत १९९९ जाऊन २००० येतांना चारही चाकें एकदम फिरतात. त्या अर्ध्या क्षणीं पाहणाऱ्यास २९९९ दिसेल किंवा १००० दिसेल. संगणकाच्या द्विमान पद्धतींतही, जींत ० व १ एवढेच अंक असतात, हीच आपत्ति आहे. सात म्हणजे ०१११ व आठ म्हणजे १०००. सातावरून आठावर जातांना चारही अंक पालटतात, आणि सीमेवर वाचणाऱ्यास शून्यापासून पंधरापर्यंत कोणतीही संख्या दिसूं शकते.

यावरील औषध अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील पदार्थविज्ञानी फ्रँक ग्रे यांच्या नांवानें ओळखलें जातें. त्यांनीं १९४७ सालीं त्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला व १९५३ च्या मार्च महिन्यांत तें त्यांस मिळालें. तबकडीचा तेथें संबंधही नव्हता. ध्वनीचें अंकांत रूपांतर करणाऱ्या नळीसाठीं ती योजना होती. तिची रचना एखाद्या बालकासही समजेल इतकी सोपी आहे. ० आणि १ लिहा. खालीं आरसा धरल्याप्रमाणें तेच उलट क्रमानें, १ आणि ०, लिहा. वरच्या जोडीस आधीं ० लावा व खालच्या जोडीस १. झाले ००, ०१, ११, १०. या चौकडीस पुन्हां आरसा दाखवा, म्हणजे आठ संख्या होतील. आणि असेंच पुढें. या यादींत कोणत्याही दोन शेजाऱ्यांत एकाच अंकाचा फरक असतो. सात येथें ०१०० होतो व आठ ११००. सीमेवर संशय राहील तो एकाच अंकाचा, आणि तो कसाही वाचला तरी उत्तर सात येईल किंवा आठ येईल. तिसरें येणारच नाहीं. चूक नाहींशी झाली नाहीं, पण तिला शेजारच्या घरापलीकडे पाऊल टाकतां येत नाहीं अशी तजवीज झाली.

ही कल्पना ग्रे यांच्याहून जुनी आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. फ्रान्समधील लियों शहरच्या लुई ग्रो या गृहस्थांनीं १८७२ सालीं कड्या अडकविण्या-सोडविण्याच्या एका प्रसिद्ध कोड्यावर पुस्तिका लिहिली. त्या कोड्याच्या पायऱ्या मोजतांना त्यांनीं हाच क्रम वापरला होता. त्याच दशकांत एमील बोदो या फ्रेंच तारायंत्रज्ञानें आपल्या छापील तारेच्या अक्षरांसाठीं तो योजिला. करमणुकीचें कोडें, तारायंत्र, ध्वनीची नळी, आणि शेवटीं तबकडी, असा या कल्पनेचा प्रवास आहे. मजकुराच्या मधूनमधून हेडला मार्ग दाखविणाऱ्या खुणा पेरण्याची पद्धति १९८० च्या व १९९० च्या दशकांत रूढ झाली, तेव्हां त्या खुणांतील ट्रॅकचा क्रमांक ग्रे यांच्या भाषेंत लिहिण्याचा प्रघात पडला.

चुकीचा दुसरा प्रकार डागाचा. तबकडीवरील लेप कोठें विरळ असतो, कोठें धुळीचा कण बसतो, कोठें विजेचा खरखराट मध्येंच उठतो. आणि ० चा १ वाचला जातो. या चुकीस शेजारपाजार कांहीं नाहीं. ती कोणत्याही अंकावर पडते. या रोगाचे वैद्य रिचर्ड हॅमिंग. तेही बेल प्रयोगशाळेंतलेच, आणि काळही तोच. १९४७ च्या सुमारास ते आपलीं गणितें शनिवार-रविवारीं एका रिले यंत्रावर घालून जात. यंत्रास चूक सांपडली कीं तें तें काम सोडून पुढच्याकडे वळे, आणि सोमवारीं हॅमिंग यांच्या हातीं कांहींच येत नसे. असें लागोपाठ घडल्यावर त्यांच्या मनांत प्रश्न उठला कीं, चूक झाली एवढें ज्यास कळतें, त्यास ती कोठें झाली हें कां कळूं नये? या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं १९५० सालीं बेल कंपनीच्या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. चार अंकांच्या मजकुरास तीन साक्षीदार अंक अशा रीतीनें जोडावयाचे कीं, कोणत्याही दोन शब्दांत निदान तीन ठिकाणीं फरक पडावा. मग एखादा अंक बिघडला, तरी बिघडलेला शब्द आपल्या मूळ शब्दाच्या जवळच राहतो व दुसऱ्या कोणाशीं त्याची गल्लत होत नाहीं.

आतां या दोन वैद्यांचीं औषधें एकत्र करून द्यावीं, असें कोणीही म्हणेल. पण येथेंच खरी अडचण आहे, आणि आमच्या मतें या इतिहासाचें सर्व मर्म तींत आहे. ग्रे म्हणतात, शेजारी एकमेकांच्या अगदीं जवळ असूं द्या, त्यांत एकाच अंकाचा फरक ठेवा. हॅमिंग म्हणतात, कोणीच कोणाच्या जवळ नको. प्रत्येकाभोंवतीं मोकळें आंगण हवें. ग्रे यांच्या यादींत डाग पडून ०००० चें १००० झालें, तर शून्याचे एकदम पंधरा होतात. गांवाच्या एका टोंकाचा पाहुणा दुसऱ्या टोंकाला जातो. हॅमिंग यांच्या यादींत सीमेवर उभें राहिलें, तर शेजाऱ्यांतील तीनचार अंक एकदम संशयांत येतात, आणि त्यांच्या मिश्रणांतून भलतेंच तिसरें नांव निघूं शकतें. एकाच पत्त्यांत दोघांचें समाधान करणें अंकगणितासच मान्य नाहीं.

मग यंत्रकारांनीं केलें काय? त्यांनीं पत्त्याचे दोन पत्ते केले. एक प्रवासाचा, दुसरा मुक्कामाचा. हेड धांवत असतां त्यास फक्त आपण कोणत्या वस्तींतून चाललों आहों एवढें कळणें पुरतें. तेथें एका घराची चूक क्षम्य आहे, म्हणून तेथें ग्रे. हेड स्थिर होऊन सेक्टर शोधूं लागलें, म्हणजे सीमेचा प्रश्न उरत नाहीं, डागाचा उरतो. तेथें एका घराचीही चूक क्षम्य नाहीं, म्हणून तेथें साक्षीदार अंकांचा पहारा.

हा पहारा किती कडक असे, तें फ्लॉपीच्या उदाहरणावरून दिसतें. आय. बी. एम.च्या आठ इंची फ्लॉपीवर ७७ ट्रॅक, व प्रत्येकावर २६ सेक्टर. प्रत्येक सेक्टरच्या १२८ अक्षरांच्या मजकुरामागें दोन अक्षरांएवढे तपासणीचे अंक असत. आणि पत्त्याचीं अक्षरें अवघीं चार; पण त्यांच्यामागेंही तेवढेच दोन अक्षरांचे अंक! हे अंक केवळ बेरजेचे नसत. एका ठराविक बीजपदानें भागून उरलेली ती बाकी असे. वेस्ली पीटरसन व डी. टी. ब्राउन यांनीं १९६१ सालीं या रीतीचें विवेचन केलें होतें. लागोपाठ सोळा बिटांपर्यंतच्या जागेंत कसाही बिघाड झाला, तरी ती त्यास हटकून पकडते.

याहूनही चतुर गोष्ट म्हणजे पत्ता कोठें सुरू होतो, ती खूण. मजकुरांत योगायोगानें पत्त्यासारखीं दिसणारीं अक्षरें आलीं तर? या फ्लॉपीवर प्रत्येक बिटाआधीं एक ठोका असे, तबल्याच्या ठेक्यासारखा. आणि पत्त्याच्या आरंभीं त्यांतील कांहीं ठोके मुद्दाम गाळलेले असत. नियमानें लिहिलेल्या मजकुरांत असा भंग कधींही येऊं शकत नाहीं. व्याकरण मोडूनच जी ओळखूं येते, अशी ती खूण होय. १९७८ सालच्या ॲपल कंपनीच्या 'डिस्क टू' यंत्रांत स्टीव्ह वोझ्निॲक यांनीं हाच हेतु दुसऱ्या मार्गानें साधला. त्यांनीं कांहीं चिन्हें पत्त्याच्या व मजकुराच्या आरंभखुणेसाठीं राखून ठेवलीं व आंतल्या मजकुरास तीं वर्ज्य केलीं. तेथें पत्त्याचें प्रत्येक अक्षर दुप्पट जागा घेऊन लिहीत; आणि मजकुरास, निदान १९८० च्या सुधारणेनंतर, सुमारें एक तृतीयांशच जादा जागा लागे. उलगडण्यास सोपें पडावें, हें याचें मुख्य कारण होतें खरें. परंतु पत्त्यास जागेची काटकसर लावूं नये, ही हुंडी लिहिणाऱ्याची समजूत तेथेंही अनायासें दिसते.

मात्र कडक पहाऱ्यासही किंमत पडते. पत्त्यावरच कायमचा ओरखडा उमटला, तर मागील मजकूर पूर्ण शाबूत असूनही तो गांठतां येत नाहीं. घर उभें आहे, माणसें सुखरूप आहेत, पण पाटी पुसली म्हणून टपालवाला परत जातो. येथें सहनशीलतेची खरी परीक्षा झाली. एक उपाय असा कीं, एकच पत्ता लागोपाठ अनेक वेळां लिहून बहुमत घ्यावें. दुसरा उपाय अधिक सूक्ष्म आहे. पाटी वाचणारा कांहीं अनोळखी वाटसरू नव्हे. आपणांस कोणाकडे जावयाचें आहे, हें त्यास आधींच ठाऊक असतें. क्रमांक दोन व क्रमांक चार यांच्यामध्यें जें पुसट घर आहे, तें तीनच असणार. तेव्हां वाचावयाचें असेल, तर हें अनुमान चालूं द्यावें. कारण भलतें घर निघालें, तरी कोणाचें कांहीं गेलें नाहीं. पण लिहावयाचें असेल, तर अनुमान वर्ज्य. आजच्या तबकड्यांतही हेड ट्रॅकच्या मध्यापासून थोडें ढळलें, तर वाचण्यास जितकी मुभा असते, तितकी लिहिण्यास नसते. वाचतांना उदार व लिहितांना कठोर, हा नियम केवळ यंत्रांनींच पाळावा असें नाहीं.

पुढचा टप्पा विलक्षण आहे. १९७० सालीं जाहीर झालेल्या आय. बी. एम. ३३३० तबकडीपासून मजकुरांतील चुका तेथल्या तेथें दुरुस्त करण्याची सोय आली, आणि लेपांतील बारीकसारीक दोष सोसून नेतां येऊं लागले. मजकूर असा सुरक्षित होत गेला, तसतसा प्रत्येक सेक्टरापुढें उभा असलेला पत्ता हाच दुबळा दुवा, व शिवाय जागा खाणारा, असें दिसूं लागलें. १९९० च्या दशकांत यंत्रकारांनीं धाडस केलें. त्यांनीं सेक्टरवरील पाट्या काढूनच टाकल्या. हेडला मार्ग दाखविणाऱ्या खुणा होत्याच. त्या खुणांपासून कितव्या अंतरावर कोणता सेक्टर येतो, हें कोष्टकावरून व गणितानें काढतां येतें. पाटीच नाहीं, म्हणजे ती पुसण्याचें भयही नाहीं.

पण मग चुकून भलत्या घरीं गेलों, तर सांगणार कोण? याचें उत्तर आम्हांस या सर्व इतिहासांतील अत्यंत सुंदर गोष्ट वाटते. मजकुराचे तपासणी अंक काढतांना मजकुराबरोबर त्याचा पत्ताही गणितांत धरावयाचा. मात्र पत्ता तबकडीवर लिहावयाचा नाहीं. वाचतांना, आपण ज्या पत्त्यावर आलों असें यंत्र समजतें, तो पुन्हां त्या गणितांत घालावयाचा. घर तेंच असेल तर हिशेब जुळतो. दुसरें असेल, तर मजकूर अक्षरशः निर्दोष असूनही हिशेब फसतो. गोविंदराव व सीताबाई यांच्या नोंदींची जी मुकी चूक आरंभीं सांगितली, तिला येथें वाचा फुटली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ही साक्ष तबकडीबाहेरही नेण्यांत आली. मोठ्या यंत्रांत ५१२ अक्षरांच्या प्रत्येक सेक्टरमागें आठ अक्षरांचें एक शेपूट जोडण्याचें प्रमाण ठरलें. त्यांतील दोन अक्षरें मजकुराच्या तपासणीचीं, दोन वापरणाऱ्याच्या सोयीचीं, आणि चार, म्हणजे निम्मीं, पत्त्याचीं.

निर्दोष तबकडी कोणासही करतां आली नाहीं. लेप विरळ होत राहिला, धूळ बसत राहिली, हेड सीमेवर चांचरत राहिलें. जें करतां आलें तें एवढेंच कीं, कोणती चूक सोसावयाची व कोणती मुळींच सोसावयाची नाहीं, याचा विवेक भाषेच्या रचनेंतच गोंवून ठेवावयाचा. फ्रँक ग्रे यांनीं चूक शेजारपणापुरती आंवरली, हॅमिंग यांनीं तिच्याभोंवतीं मोकळी जागा राखली, आणि त्यांच्यामागून आलेल्या अनेक अनाम यंत्रकारांनीं कोणत्या प्रसंगीं कोणाचें ऐकावयाचें तें ठरविलें. आज लक्षावधि कुटुंबांच्या ठेवी, निवृत्तिवेतनें, जमिनीचे उतारे व परीक्षांचे निकाल ज्या फिरत्या पृष्ठांवर लिहिलेले आहेत, तेथें सेक्टरांच्या दारांवर पाट्या उरलेल्या नाहींत. पण प्रत्येक नोंदीच्या शेवटच्या बाकींत तिचा पत्ता न लिहितांही हजर असतो, आणि पाहुणा चुकला तर तोच त्यास दाराशीं अडवितो.